फट दिसली तरच आउट: अंपायर नसलेल्या कोर्टवर लाइन कॉल कसा द्यावा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची गृहसंकुलं असोत, नवी मुंबईतल्या खारघर-नेरुळच्या सोसायट्या असोत की वाशीतलं एखादं क्लबचं कोर्ट, इथे टेनिस खेळणाऱ्यांच्या वाट्याला लाइन अंपायर सहसा येत नाही. ज्युनिअर स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतही बहुतेक वेळा चार-पाच कोर्टांना मिळून एक रेफ्री आणि फिरता अधिकारी असतो. म्हणजे बॉल आत की बाहेर हे खेळाडूलाच सांगावं लागतं, तेही स्वतः धावत असताना. बॅकहँडचे तास लावणारे खूप आहेत, पण लाइन कॉल कसा द्यायचा हे कुणी बसवून शिकवत नाही. ते शिकता येतं. त्यासाठी नियम माहीत हवेत, उभं राहायची जागा कळायला हवी आणि नजर कुठे ठेवायची याची सवय हवी.

आधी लाइन नीट आहे का ते बघा

मूळ नियम एका वाक्याचा आहे. बॉल लाइनला स्पर्श करून गेला, तर ती लाइन ज्या कोर्टची हद्द आहे त्या कोर्टमध्ये तो पडला असं धरतात. बाहेरच्या कडेला बॉलवरची लोकर नुसती घासली तरी बॉल इन. म्हणून कोर्टची मापं लाइनच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात: लांबी २३.७७ मीटर, सिंगल्सची रुंदी ८.२३ मीटर, डबल्सची १०.९७ मीटर आणि नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटर. मधली सर्व्हिस लाइन आणि बेसलाइनवरची मधली खूण ५ सेमी रुंद असते. बाकीच्या लाइन अडीच ते ५ सेमी चालतात. बेसलाइन मात्र १० सेमीपर्यंत रुंद असू शकते. सगळ्या लाइन एकाच रंगाच्या आणि कोर्टच्या रंगावर उठून दिसणाऱ्या हव्यात.

सोसायटीच्या कोर्टवर अडचण इथूनच सुरू होते. एकाच चौथऱ्यावर टेनिस, बास्केटबॉल आणि हल्ली पिकलबॉल असे तीन खेळ आखलेले असतात. तेच नेट वापरून पिकलबॉलचं कोर्ट आखलं, तर त्याची बेसलाइन नेटपासून २२ फुटांवर येते. टेनिसची सर्व्हिस लाइन २१ फुटांवर असते. दोन लाइनमध्ये जेमतेम एक फूट अंतर. वेगाने आलेली सर्व्हिस या दोहोंच्या मध्ये पडली की डोळा पुढची लाइन पकडतो आणि साफ बाहेरचा बॉल आत वाटतो. कमिटीला पहिली सूचना हीच करा की पिकलबॉलच्या रेषा कोर्टच्या रंगाला जवळच्या, फिकट छटेत मारा आणि पांढरा रंग फक्त टेनिसला ठेवा. रेषा आधीच मारलेल्या असतील, तर मॅचपुरती त्या पट्ट्यावर कोर्टच्या रंगाची टेप चिकटवता येते. तिचे कोपरे घट्ट दाबा, नाहीतर पाय अडकेल.

आखणी बरोबर आहे का ते तपासायला स्टीलची ३० मीटरची टेप घ्या. कापडी किंवा फायबरची टेप ताणली की वाढते. नेटची रेषा आणि सिंगल्सची साइडलाइन जिथे मिळतात तिथून त्याच अर्ध्यातला, पलीकडच्या साइडलाइनचा बेसलाइनवरचा कोपरा गाठा. हा कर्ण १४.४६ मीटर यायला हवा. डबल्सच्या साइडलाइनवरून मोजलं तर १६.१७ मीटर. दोन्ही अर्ध्यांचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक निघाला तर कोर्ट तिरकं आखलं आहे. लांबी-रुंदी बरोबर येऊनही कोर्ट तिरकं असू शकतं, म्हणून नुसत्या बाजू मोजून थांबू नका.

कॉल कुणाचा

अंपायर नसेल तर नेटच्या आपल्या बाजूला पडलेल्या प्रत्येक बॉलचा निर्णय त्या बाजूच्या खेळाडूने द्यायचा. समोरच्याने नाही, बाकावर बसलेल्या बाबांनी नाही, गॅलरीतून बघणाऱ्या काकांनी तर नाहीच. प्रेक्षकाला विचारून कॉल ठरवणं नियमात बसत नाही, आणि विचारलंच तर प्रेक्षकाने उत्तर देऊ नये. ज्युनिअर मॅचला आलेल्या पालकांसाठी ही सगळ्यात अवघड शिस्त आहे.

‘आउट’ किंवा ‘फॉल्ट’ हा कॉल बॉल पडल्यावर लगेच, समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने द्या. हायवेलगतच्या कोर्टवर नुसता आवाज पुरत नाही, म्हणून हाताचा इशारा जोडा. आउटला हात बाजूला सरळ, इनला तळहात जमिनीकडे. बॉल इन असेल तर तोंडाने काही म्हणायचं नसतं, खेळत राहायचं. खूप जवळचा बॉल असेल आणि समोरचा थबकला असेल तर तळहाताचा इशारा उपयोगी पडतो. ‘यस’ किंवा ‘गुड’ ओरडू नका. घाईत समोरच्याला ते ‘आउट’सारखंच ऐकू येतं आणि तो खेळणं थांबवतो.

‘लगेच’ला अर्थ आहे. आपण बॉल परतवला, तो नेटमध्ये गेला आणि मग ‘अरे, आधीचा आउट होता’ म्हटलं, तर तो कॉल धरला जात नाही. परतवलेल्या बॉलचं काय होतं ते बघून ठरवणं म्हणजे एका पॉइंटसाठी दोन संधी घेणं. हात फिरतो आहे तोवर तोंडातून शब्द निघायला हवा. रॅकेट थांबवता आली नाही तरी हरकत नाही. कॉल देऊन बॉल मारला तर कॉलच धरतात.

शंका असेल तर बॉल इन. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सूचनांमध्येही शंकेचा फायदा प्रतिस्पर्ध्याला द्यायला सांगितलं आहे. यूएसटीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या ‘कोड’मध्ये त्याची व्यवहारी कसोटी सापडते: तुम्ही लाइनला आडवं बघत असाल, तर बॉलचा टप्पा आणि लाइन यांच्यामध्ये कोर्टचा रंग स्पष्ट दिसल्याशिवाय आउट देऊ नका. फट दिसली तर आउट, नाही दिसली तर इन. ‘बहुतेक’ आणि ‘वाटतं’ हे दोन्ही शब्द इन या खात्यात जातात. पॉइंट किती महत्त्वाचा आहे त्यावरून ही कसोटी बदलत नाही. ‘परत खेळूया’ हा मार्गही शंकेसाठी नाही. कॉल देणाऱ्याला बॉल नीट दिसला नसेल तर पॉइंट समोरच्याचा. पॉइंट परत खेळतात तो अडथळ्यासाठी, म्हणजे शेजारच्या कोर्टवरून बॉल घरंगळत आला किंवा लहान मूल कोर्टात शिरलं अशा वेळी, आणि तेव्हाही ‘लेट’ त्याच क्षणी म्हणायला हवं.

आउट म्हटलं आणि मग कळलं की बॉल इन होता, तर? यात स्पर्धेप्रमाणे फरक आहे. यूएसटीएच्या कोडनुसार चुकीचा कॉल देणाराच पॉइंट गमावतो. काही स्पर्धांत पहिल्या वेळी पॉइंट परत खेळतात, मात्र तो बॉल समोरच्याचा पॉइंट संपवणारा फटका असेल किंवा त्याच खेळाडूची ही दुसरी चूक असेल तर पॉइंट जातो. सोसायटीच्या स्पर्धेत यातलं एक आधीच लिहून लावा. पहिला मार्ग बरा, कारण त्यात वाद घालायला जागाच उरत नाही.

डोळा कुठे फसतो

समोरच्याला तुमचा कॉल चुकीचा वाटतो, त्याचं मोठं कारण भूमिती आहे. तो त्याच्या बेसलाइनवर उभा राहून तुमची बेसलाइन बघतो तेव्हा अंतर जवळपास २४ मीटर आणि डोळ्यांची उंची दीड-पावणेदोन मीटर असते. त्याची नजर जमिनीशी जेमतेम ४ अंशांचा कोन करते. इतक्या तिरक्या नजरेला बॉल आणि लाइन यांच्यातली १० सेमीची फट सुमारे ७ मिमीच्या उभ्या पट्टीएवढी दिसते, आणि तीही २४ मीटरवरून. निरोगी डोळ्याची मर्यादाच तिथे संपते. म्हणून तुम्हाला दहा सेंटिमीटर बाहेर दिसलेला बॉल त्याला प्रामाणिकपणे लाइनवर दिसू शकतो. कॉल ज्याच्या बाजूला बॉल पडला त्याचा, हा नियम यासाठीच आहे.

पण तुमची बाजूही निर्दोष नाही. सर्व्हिस घेणारा बेसलाइनच्या मीटरभर मागे उभा असतो. सर्व्हिस लाइन तिथून साधारण साडेसहा मीटर दूर. बॉलचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असतो आणि या जागेवरून जमिनीला टेकलेला बॉल स्वतःच्या पलीकडची सुमारे २५ सेमी जमीन झाकतो. म्हणजे लाइनच्या १५ सेमी बाहेर, तुमच्या बाजूला पडलेला बॉल टेकण्याच्या क्षणी लाइन झाकून टाकतो आणि लाइनवरच पडल्यासारखा दिसतो. लांब पडलेल्या सर्व्हिसला खालच्या पातळीवर सर्रास इन दिलं जातं ते यामुळे. सिंगल्समध्ये यावर पूर्ण इलाज नाही. फट दिसली नाही तर सर्व्हिस खेळायची, आणि त्यात कमीपणा काही नाही.

लाइनच्या दिशेने, म्हणजे तिच्या लांबीवरून नजर टाकली की हा घोटाळा बराच कमी होतो. साइडलाइनजवळ धावत गेलेला खेळाडू तिच्या रेषेत उभा असेल, तर त्याला फट खऱ्या रुंदीची दिसते. लाइनच्या रेषेत असलेल्याचा कॉल आडवं बघणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा, हे तत्त्व डबल्समध्ये सगळ्यात कामी येतं.

नजरेचा दुसरा दोष वेगाचा आहे. बॉल जमिनीला जेमतेम ५ मिलिसेकंद टेकतो. डोळा बॉलचा पाठलाग करत असताना बॉल उसळला की तो उडी मारून पुढे जातो आणि नेमका टप्पा त्या उडीत हरवतो. मग मेंदू टप्प्याची जागा अंदाजाने भरतो, सहसा खऱ्या टप्प्याच्या पुढे. प्रशिक्षित लाइन अंपायर म्हणूनच बॉलच्या आधी नजर लाइनवर आणून स्थिर ठेवतात, डोकं हलू देत नाहीत. खेळताना हे पूर्ण जमणार नाही, पण एवढं करता येतं: बॉल लांब जातोय असं वाटलं की शेवटच्या दीड-दोन मीटरला नजर बॉलवरून लाइनच्या त्या तुकड्यावर न्या, डोकं स्थिर ठेवा आणि टप्पा तिथे होऊ द्या. फटका मारणार असाल तर हे सोडून द्या. त्या बॉलला तुम्ही आउट देणार नाही आहात.

सराव करायचा तर एकाने बास्केटमधून बेसलाइनवर बॉल मारायचे, दुसऱ्याने फक्त कॉल द्यायचा आणि तिसऱ्याने बेसलाइनच्या रेषेत, कुंपणाशी बसून आपला कॉल कागदावर लिहायचा. शेवटी दोन्ही याद्या जुळवा. जवळजवळ प्रत्येकाची चूक एकाच दिशेला झुकलेली निघते. ती दिशा माहीत झाली की सुधारणा पटकन होते.

डबल्समध्ये कोण काय बघणार

सर्व्हिस लाइनची जबाबदारी सर्व्हिस घेणाऱ्याच्या पार्टनरची. त्याने सर्व्हिस लाइनच्या रेषेत किंवा पाऊलभर मागे उभं राहून लाइनच्या लांबीवर नजर ठेवायची. मधली लाइन आणि साइडलाइन सर्व्हिस घेणाऱ्याने बघायची. अनेक पार्टनर सर्व्हिस पडण्याआधीच समोरच्या नेटवाल्याकडे बघतात आणि मग ‘मला दिसलं नाही’ म्हणतात. सर्व्हिस पडेपर्यंत नजर लाइनवर, पडली की नेटवाल्यावर, हा क्रम घोटून घ्या.

रॅलीत जो बॉल मारायला धावत नाहीये त्याचा कॉल सहसा जास्त चांगला असतो, कारण त्याचं डोकं स्थिर असतं. दोघांचं मत वेगळं पडलं तर बॉल इन. ‘मला स्पष्ट आउट दिसला’ असं एकाने कितीही ठासून सांगितलं तरी दोघांत मतभेद आहेत हाच शंकेचा पुरावा. एकमेकांशी कुजबुजून मग कॉल देणं टाळा. आधी कॉल, चूक वाटली तर लगेच दुरुस्ती.

पहिली सर्व्हिस आउट गेली असं सर्व्हिस करणाऱ्याला वाटलं तरी त्याने किंवा त्याच्या पार्टनरने स्वतः फॉल्ट देऊ नये. समोरच्याने शंकेचा फायदा दिला असेल तर तो घेऊन खेळायचं.

सर्व्हिसशी जोडलेले काही प्रसंग

बेसलाइनच्या मागे उभं राहून लांब जाणारा बॉल हवेत झेलायची सवय इथे बऱ्याच जणांना आहे, विशेषतः जिथे कुंपण जवळ आहे आणि बॉल पार्किंगमध्ये जाण्याची भीती असते. टप्पा पडण्याआधी बॉल झेलला तर पॉइंट झेलणाऱ्याने गमावला, मग तो कोर्टबाहेर कितीही लांब उभा असो. सर्व्हिस टप्प्याआधी घेणाऱ्याच्या अंगाला लागली तरी पॉइंट सर्व्हिस करणाऱ्याचा. टप्पा होऊ द्या, मग झेला.

टप्प्याआधी बॉल कुंपणाला, दिव्याच्या खांबाला किंवा कोर्टवर झुकलेल्या फांदीला लागला तर तो मारणाऱ्याचा पॉइंट गेला. ‘नसता लागला तर आत पडला असता’ या म्हणण्याला अर्थ नाही. कोर्टवर पडून राहिलेल्या दुसऱ्या बॉलवर बॉल आदळला तर खेळ चालू राहतो. कोणता बॉल परतवला हेच कळलं नाही तर पॉइंट परत. दोन सर्व्हिसच्या मध्ये मोकळे बॉल उचलून घेतले की हा प्रश्नच येत नाही.

फुटफॉल्ट: सर्व्हिस करताना बॉलला रॅकेट लागेपर्यंत पाय बेसलाइनला किंवा कोर्टला लागता कामा नये, आणि मधल्या खुणेच्या काल्पनिक वाढीव रेषेला किंवा साइडलाइनच्या वाढीव रेषेपलीकडेही जाता कामा नये. समोरून हे नीट दिसत नाही, म्हणून समोरच्याने लगेच फॉल्ट ओरडू नये. आधी सांगा, मग अधिकाऱ्याला बोलवा. पलीकडूनही ढळढळीत दिसतंय आणि सांगूनही थांबत नाही, एवढ्यापुरताच खेळाडूचा स्वतःचा फुटफॉल्टचा कॉल योग्य आहे.

वाद झाला तर

‘नक्की का?’ असं एकदा विचारणं चालतं. सोसायटीत समोर काका आणि इकडे कॉलेजचा मुलगा असेल तर ‘काका, नीट दिसला का?’ एवढंच, आणि उत्तर ‘हो’ आलं की पुढचा पॉइंट. स्पर्धेत पटत नसेल तर खेळ थांबवून रेफ्रीला बोलवा. मात्र रेफ्रीने न पाहिलेल्या बॉलचा कॉल तो फिरवत नाही. तो पुढच्या पॉइंटपासून कोर्टवर अधिकारी उभा करू शकतो. म्हणून तिसऱ्या संशयास्पद कॉलची वाट बघू नका, दुसऱ्यालाच हात वर करा. मुलांना हे आधी शिकवा, कारण रेफ्रीला बोलावणं म्हणजे चुगली नाही हे त्यांना पटायला वेळ लागतो.

बदला म्हणून चुकीचा कॉल देणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्यानंतर कुणाचाच कॉल खरा राहत नाही आणि मॅच वाचवता येत नाही.

स्कोअरचा घोळ बऱ्याचदा लाइन कॉलच्या वादातून होतो. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी मोठ्याने स्कोअर सांगितला की अर्धे वाद तिथेच मिटतात.

मातीच्या कोर्टवरचा ठसा

बॉलचा ठसा बघून निर्णय फक्त मातीच्या कोर्टवर होतो. हार्ड कोर्टवर ठसा ग्राह्य नाही. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर दिसणारा डागही धरायचा नाही: ओल्या लोकरीचं पाणी टप्प्यानंतरही उडतं आणि डाग खऱ्या स्पर्शापेक्षा मोठा दिसतो.

मातीवर ठसा बघायचा तर पॉइंट संपवणारा फटका असावा, किंवा तुम्ही खेळ थांबवायला हवा. बॉल परतवला गेला तर चालतं, पण त्यानंतर लगेच थांबा. आउट देणाऱ्याला ठसा दाखवता आला पाहिजे, आणि समोरच्याला नेट ओलांडून तो बघायचा हक्क आहे. ठसा पुसला तर तुम्ही कॉल सोडला असं धरतात. बॉल घसरतो, म्हणून ठसा अंडाकृती असतो. त्याची लाइनकडची कड लाइनला टेकते का एवढंच बघायचं. ठसा आणि लाइन यांच्यामध्ये माती दिसली तर आउट. मातीवरची लाइन प्लास्टिकची पट्टी असेल तर पट्टीवर पडलेल्या बॉलचा ठसा अर्धवट उमटतो. मातीवर उमटलेल्या तुकड्याची वक्र कड मनात पुढे वाढवून बघा.

यंत्रं काय करतात

विम्बल्डनमध्ये १९८० साली ‘सायक्लॉप्स’ आलं. ते फक्त सर्व्हिस लाइनसाठी होतं: जमिनीलगत सोडलेले इन्फ्रारेड किरण बॉलने कापले की बीप वाजायचा. कॅमेऱ्यांची ‘हॉक-आय’ प्रणाली टीव्हीवर २००१ मध्ये क्रिकेटसाठी आली. २००४ च्या यूएस ओपनमध्ये सेरेना विल्यम्स आणि जेनिफर कॅप्रियाती यांच्या मॅचमधल्या चुकीच्या कॉलवरून गदारोळ झाला आणि टेनिसमधली मागणी वाढली. २००६ मध्ये मायामीत आणि मग यूएस ओपनमध्ये खेळाडूंना चॅलेंज, म्हणजे कॉल यंत्रावर तपासून मागायचा हक्क, मिळालं. पुढे सेटला तीन चुकीची चॅलेंज आणि टायब्रेकला एक जादा, असा नियम रूढ झाला. २०२१ ची ऑस्ट्रेलियन ओपन सर्व कोर्टांवर लाइन अंपायरशिवाय झाली, २०२५ मध्ये विम्बल्डननेही लाइन अंपायर बंद केले. फ्रेंच ओपनमध्ये मात्र २०२५ सालीही माणसंच लाइनवर होती.

यंत्र टप्प्याचा फोटो काढून निर्णय देतं असा समज आहे. हॉक-आयचं तसं नाही. कोर्टभोवतीचे दहा-बारा कॅमेरे प्रत्येक फ्रेममध्ये बॉलचं केंद्र शोधतात, त्यांच्या कोनांवरून बॉलची त्रिमितीय जागा काढतात, टप्प्याआधीचा आणि नंतरचा मार्ग जुळवतात आणि बॉल दबून, घसरून जमिनीला कुठे टेकला असेल तो ठसा गणिताने काढतात. कंपनीने पूर्वी सांगितलेली सरासरी चूक ३.६ मिमी, म्हणजे बॉलवरच्या लोकरीच्या जाडीएवढी. मातीवर दिसणारा ठसा आणि यंत्राचा ठसा म्हणूनच कधीकधी जुळत नाहीत. २०२५ मध्ये माद्रिदला अलेक्झांडर झ्वेरेव्हने न पटलेल्या ठशाचा मोबाइलवर फोटो काढला आणि त्याला ताकीद मिळाली.

त्याच वर्षी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोवा आणि सोने कार्तल यांच्या मॅचमध्ये कोर्टच्या एका बाजूची यंत्रणा माणसाच्या चुकीने बंद राहिली. साफ लांब पडलेल्या बॉलला कॉलच आला नाही आणि पॉइंट परत खेळवला गेला. यंत्र चालू आहे का, हे तपासणारा माणूस लागतोच.

आपल्या कोर्टवर मोबाइल लावायचा तर

नेहमीच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओवरून जवळचा कॉल ठरवू नका. ताशी ७२ किमी वेगाचा बॉल सेकंदाला २० मीटर जातो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये ६७ सेमी. टप्पा त्या मध्येच हरवतो आणि व्हिडिओ थांबवून बघणाऱ्याला टप्प्याआधीची किंवा नंतरची फ्रेम दिसते. २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये हे अंतर ८ सेमीवर येतं, आणि दोन फ्रेममधला वेळ टेकण्याच्या ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी असल्यामुळे निदान एक फ्रेम बॉल जमिनीवर असतानाची मिळते. १२० फ्रेममध्ये ती खात्री नाही.

शटरही तितकंच महत्त्वाचं. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या शटरला हाच बॉल २ सेमी पसरट दिसतो, शंभराव्या भागाला २० सेमीची रेघ होते. संध्याकाळी फ्लडलाइटखाली मोबाइल आपोआप शटर मंद करतो, म्हणून रात्रीच्या मॅचमध्ये सोसायटीच्या दिव्यांवर अवलंबून व्हिडिओचा निकाल लावू नका. त्यात ५० हर्ट्झच्या विजेमुळे दिव्यांचा लुकलुकाट स्लो-मोशनमध्ये उमटतो. सकाळच्या उन्हात, कॅमेऱ्याची पाठ सूर्याकडे ठेवून घेतलेलं चित्रण सगळ्यात उपयोगी.

एक मोबाइल म्हणजे एक लाइन. तो बेसलाइनच्या रेषेत, साइडलाइनबाहेर कुंपणाशी, मीटरभर उंचीच्या ट्रायपॉडवर ठेवा. स्क्रीनवर बेसलाइन सरळ उभी दिसेल आणि तिची बाहेरची कड चित्राच्या मध्यावर येईल असं जुळवा. फोकस आणि एक्स्पोजर बेसलाइनवर लॉक करा. मोबाइल कुंपणाच्या जाळीलाच बांधू नका, बॉल आदळला की जाळी हलते आणि जुळवणी जाते. स्लो-मोशन मिनिटाला शेकडो एमबी खातं, तेव्हा जागा आधी मोकळी करा आणि गेम संपल्यावर नको ती क्लिप काढून टाका.

कोर्टमागे उंचावर मोबाइल लावून आपोआप कॉल देणारी अ‍ॅप्स आहेत. साफ आत-बाहेरच्या बॉलना आणि सरावाला ती चांगली. पण एकाच कॅमेऱ्याला खोलीचा अंदाज लाइनच्या जागांवरून बांधावा लागतो, आणि पिकलबॉलच्या जादा रेषा असतील तर कॅलिब्रेशन चुकीच्या लाइनवर बसू शकतं. सुरू करण्याआधी स्क्रीनवरची आखणी खऱ्या लाइनवर बसली आहे का ते चारही कोपऱ्यांत बघा.

व्हिडिओ वापरायचा तर मॅचआधी तीन गोष्टी ठरवा: कुठली लाइन, सेटला किती वेळा बघायचं, आणि व्हिडिओत फट स्पष्ट दिसली नाही तर मूळ कॉल कायम राहणार. स्पर्धेत रेफ्रीच्या परवानगीशिवाय हे करायचं नाही.

लाइन जपणं

ठाणे-नवी मुंबईच्या पावसात चार महिन्यांत लाइनवर शेवाळ चढतं आणि पांढरा रंग हिरवट-करडा होतो. कड पुसट झाली की फट दिसत नाही, मग वरचं सगळं वाया. पाऊस संपल्यावर नरम ब्रश आणि पाण्याने लाइन धुवा. तारेचा ब्रश अ‍ॅक्रिलिकचा थर खरवडतो.

रंग नव्याने मारायचा तर ऑक्टोबर उलटल्यावर, कोर्ट पूर्ण वाळल्यावर, दव सुकल्यानंतर. नेटच्या मध्यापासून मोजून खुणा करा, रंगाच्या दोरीने सूत मारा, बाहेरची कड मापावर ठेवून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. टेपच्या कडेवर आधी कोर्टच्याच रंगाचा पातळ हात द्या, तो वाळू द्या आणि मग पांढरे दोन हात मारा. हा पातळ हात वगळला तर पांढरा रंग टेपखाली शिरतो, कड दातेरी होते आणि प्रत्येक दातावर एकेक वाद होतो. दुसरा हात पूर्ण कडक व्हायच्या आत टेप तिरकी ओढून काढा.